सोन्याखालचा भुसा

मित्रांनो, मी एक जुना बेसबॉल आहे. जुना म्हणजे चांगलाच जुना. माझे कातडे तडकले आहे, एका बाजूने मी थोडा बसलो आहे, आणि शिवणीच्या कडेकडेने सोनेरी रंगाचे चार-दोन कण अजून मला चिकटून आहेत. ते कण पाहून तुम्हाला वाटेल, हा कोणी बडा चेंडू असावा. तसे काही नाही. मी आयुष्यात खरा सामना एकच खेळलो, तोही अडीच तासांचा. पण ज्याच्या हातून मी खेळलो त्या लेम प्राउटीची कारकीर्द तरी कुठे मोठी होती? एक उन्हाळा आणि वर तीन सामने, बस्स. त्यामुळे त्याची गोष्ट सांगायला माझ्याइतका लायक दुसरा कोणी नाही, असे माझे मी ठरवून टाकले आहे.

माझा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या पेल्टन गावी, १८७४ सालच्या सप्टेंबरात झाला. पेल्टन हे बुटांचे गाव. अर्धे गाव बूट ठोकायचे आणि उरलेले अर्धे ते शिवायचे. लेमची थोरली बहीण थर्झा घरीच बुटांचे वरचे भाग शिवत असे आणि हंगामात चेंडू. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिची खुर्ची होती. माझ्या पोटात तिने एका फाटक्या रबरी बुटाच्या पट्ट्या गुंडाळून घातल्या. त्यावर लेमचा जुना लोकरी मोजा उसवून त्याचे सूत ओढून ओढून गुंडाळले. मग घोड्याच्या कातड्याचा एकच तुकडा चार पाकळ्यांत कापून माझ्यावर बसवला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवला. लिंबू सोलून त्याची साल पुन्हा मिटवावी, तसा मी दिसत होतो. शेवटचा टाका झाल्यावर तिने दोरा कात्रीने कापला. दाताने दोरा तोडणाऱ्या बाईला ती शिवणारीण मानतच नसे.

मला बनवायला तिला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत त्या स्वयंपाकघरात बसून लेमची सगळी हकिकत माझ्या कानावर आली.

लेम तेवीस वर्षांचा होता. लांब हातांचा, हडकुळा, आणि बोलायचे म्हटले की जिवावर येणारा. तो बुटांच्या कारखान्यात साच्यावर कातडे ताणून बसवण्याचे काम करी. चिमट्याने ओढून ओढून त्याचे मनगट लोखंडासारखे झाले होते. जेवणाच्या सुट्टीत इतर माणसे पाय पसरून बसत, तेव्हा हा मागच्या भिंतीवर चेंडू टाकत राही. गावात घोडागाड्या भाड्याने देणाऱ्या मिस्टर क्रेन यांचा मोठा तबेला होता. तेच गावच्या संघाचे कर्णधार. त्या वर्षी पेल्टनचा संघ पहिल्यांदाच पगारी झाला होता आणि क्रेनना पिचर हवा होता. तुमच्या क्रिकेटमध्ये गोलंदाज असतो ना, तसा आमच्यात पिचर. त्यांनी एक दिवस त्या भिंतीशी उभे राहून लेमला पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कारखान्यातून उचलले.

त्या काळी पिचरने हात कमरेच्या खालून फिरवूनच चेंडू टाकायचा, असा नियम होता. फलंदाज सांगेल तिथे टाकायचा; वर मागितला तर वर, खाली मागितला तर खाली. आणि संघात पिचर एकच. सगळे सामने, सगळे डाव त्यानेच टाकायचे. लेमची गंमत अशी, की अगदी शेवटच्या क्षणी तो मनगटाला एक झटका देई. चेंडू मागितल्या जागीच जाई, पण जाता जाता किंचित वाकडी वाट करी. फलंदाज बॅट फिरवून मोकळे होत आणि मागे वळून बघत राहत. जुलै संपेपर्यंत पेल्टनने लेमला डोक्यावर घेतले होते. तो रस्त्याने निघाला की दुकानदार बाहेर येऊन हात हलवत, आणि थर्झाच्या दारात रविवारी कोणाचा ना कोणाचा सफरचंदाचा केक येऊन पडे.

ऑगस्टात त्याचे कोपर दुखू लागले.

आता इथे पेल्टनच्या माणसांची एक समजूत सांगितली पाहिजे. ती पेल्टनचीच कशाला, त्या काळच्या साऱ्या बेसबॉलवाल्यांची होती. दुखरा हात थांबवला तर तो कायमचा आखडतो, आणि टाकून टाकूनच मोकळा होतो, असे सगळे छातीठोकपणे सांगत. मिस्टर क्रेन तर घोड्यांतले जाणकार. लंगडणाऱ्या घोड्याला ते उभा राहू देत नसत, रपेटीला नेत. तोच उपाय त्यांनी लेमवर केला. रोज सकाळी घोड्याच्या सांध्यांना लावायचे तेल त्याच्या कोपराला चोळायचे आणि तबेल्याच्या दारावर शंभर चेंडू टाकायला लावायचे. क्रेन दुष्ट नव्हते, मित्रांनो. स्वतःच्या हाताने ते तेल चोळत, आणि मनापासून चोळत. पण चांगल्या मनाने केलेली चूकही हाडाला चूकच लागते.

आपल्याला उजव्या हाताने कॉफीचा पेलासुद्धा उचलता येत नाही, हे लेमने फक्त थर्झाला सांगितले होते. मी तेव्हा अर्धवट गुंडाळलेला तिच्या मांडीवर होतो.

“क्रेनना सांग की मग,” थर्झा म्हणाली.

“सांगितलं तर बाहेर बसवतील.”

“बसवू देत. हात तरी राहील.”

“एकदा बसवलं की पुन्हा कोण उठवतंय, थर्झा?”

थर्झाने हातातले सूत जरा जास्तच जोरात ओढले.

गोष्ट अशी होती, की हंगामाचा शेवटचा सामना सेडरपोर्टशी होता. सेडरपोर्ट म्हणजे अकरा मैलांवरचे बंदर, आणि पेल्टनचे जुने वैरी. क्रेननी लेमला स्पष्ट सांगितले होते, हा सामना जिंकलास तर पुढच्या वर्षीची जागा तुझी. हरलास तर बॉस्टनहून एक जण यायला तयार आहे. लेमला पगाराची हाव नव्हती. पण तेवीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच सकाळी उठावेसे वाटत होते. त्याला आणखी एक उन्हाळा हवा होता, एवढीच गोष्ट. आणि कारखान्यात परत जावे, तर दुखऱ्या कोपराने चिमटा तरी कसा ओढणार?

सामन्याच्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला. मैदान बाकी ठीक होते, पण पिचर उभा राहतो तिथे खळगा असल्याने चिखल झाला. क्रेननी खोक्यांच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशाची दोन पोती आणवली आणि ती फक्त त्याच जागेभोवती पसरली. हा भुसा लक्षात ठेवा.

सामन्याला चेंडू एकच असे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. गवतात हरवला तर दोन्ही संघ मिळून शोधत. आणि सामना संपला की जिंकणाऱ्या संघाने तो चेंडू घरी न्यायचा, सोनेरी रंगाने रंगवायचा, वर तारीख आणि धावा लिहायच्या, अशी रीत होती. मी कोवळा, पांढराशुभ्र. आपण सोन्याचे होणार, या कल्पनेनेच मी फुगलो होतो. कोणाच्या घरी, याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

पंच म्हणून दोन्ही कर्णधारांनी मिळून डॉक्टर फिस्क यांना निवडले होते. ते तिसऱ्याच गावचे, उंच टोपीवाले गृहस्थ. पंच एकटाच असे. त्याला सगळे दिसणार कसे? म्हणून जे दिसले नाही ते तो सरळ खेळाडूला विचारी, आणि खेळाडू जे सांगेल ते खरे. कोणी खोटे बोलेल, अशी शंकासुद्धा उघडपणे कोणी काढत नसे. तशी शंका काढणे शिवी देण्यासारखे होते.

पहिल्या डावात लेमचे मनगट झटकले आणि मी हवेत वाकलो, तेव्हा मला कळले की आपण कशासाठी जन्मलो. ते सुख मला पुन्हा कधी मिळाले नाही. पण एकेक डाव गेला तशी मीही मऊ पडू लागलो आणि लेमही.  कोपरावरचे तेल मनगटावरून ओघळून माझ्यावर येत होते. फलंदाजाच्या मागे उभा राहणारा आमचा कॅचर बार्नी हॅनिफिन उघड्या हातांनी मला झेली. तेव्हा हातमोजे नव्हतेच. त्याची बोटे जुन्या झाडाच्या मुळांसारखी वाकडी होती. त्याच्या हातात मी पूर्वी जितक्या जोरात आपटत होतो, तितका आता आपटत नव्हतो. बार्नीला ते कळत होते.

सेडरपोर्टचा कर्णधार ओबेड निकरसन होड्या बांधणारा सुतार होता. खांदे दाराएवढे आणि जीभ रंध्यासारखी. तो फलंदाजीला आला, की सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोले.

“प्राउटी, हात दमला असेल तर निरोप धाड. चेंडू न्यायला मीच येतो तिकडे.”

लोक हसले. लेमने नुसते पँटला हात पुसले.

शेवटचा डाव आला. पेल्टनच्या नऊ धावा झाल्या होत्या, सेडरपोर्टच्या आठ. त्यांचे दोघे बाद झाले होते, आणि तिसरा बाद झाला की डाव संपतो; पण एक माणूस तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या तिसऱ्या ठाण्यावर, आणि एक दुसऱ्यावर टपून उभा होता. एक बरा फटका बसला की दोघेही घरी, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागी, येणार, दोन धावा होणार आणि सामना गेला. फलंदाजीला ओबेड. त्याने खाली मागितला. लेमने मला खाली टाकले, पण झटका असा नव्हताच. मी आपला साधाभोळा सरळ गेलो.

ओबेडने मला जे हाणले, ते थेट लेमच्या पायांकडे.

मित्रांनो, पुढचे मी नीट सांगतो, कारण ते मलाच नीट माहीत आहे. लेमची बोटे माझ्यापर्यंत पोचली, त्याच्या आधी वीतभर अंतरावर मी जमिनीला लागलो. भुशात. एक बारीक टोकदार ढलपी माझ्या शिवणीत घुसली. मग मी उसळलो, लेमच्या ओंजळीत गेलो आणि तो माझ्यासकट पालथा पडला.

टप्पा पडला तरी काही बिघडले नव्हते. उठून पहिल्या बेसकडे फेकले असते, तर ओबेड पोचायच्या आत बाद झाला असता. तिथे क्रेन हात पसरून उभे होते, “लेम, इकडे, इकडे,” म्हणून ओरडत होते. मी लेमच्या छातीखाली होतो, म्हणून सांगतो, त्याने प्रयत्न केला. उजव्या हाताची बोटे माझ्याभोवती मिटली, खांदा हलला, आणि कोपरातून कळ अशी आली की त्याच्या तोंडून श्वासच बाहेर पडला. हात उठेना. तो क्षणभर तसाच पडून राहिला. मग डाव्या हाताने त्याने मला उचलले आणि वर धरले.

बार्नी मध्ये उसळून उभा राहिल्यामुळे डॉक्टर फिस्कना काही दिसले नव्हते. ते टोपी सावरत भुशातून चालत आले.

“मिस्टर प्राउटी, माझ्या नजरेला पडलं नाही. हवेत धरलात, की टप्पा पडून?”



“हवेत,” लेम म्हणाला.

“तुमचा शब्द?”

“माझा शब्द.”

डॉक्टरांनी हात वर केला आणि पेल्टनची माणसे मैदानात धावत आली. त्या गर्दीत कोणाचे लक्ष नव्हते, पण मी लेमच्या डाव्या हातात उंच होतो, मला दिसत होते. ओबेड पहिल्या बेसवर तसाच उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता, लेमच्या लोंबणाऱ्या उजव्या हाताकडे पाहत होता. एरवी बोलून बोलून कान किटवणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्याने टोपी काढली, झटकली, आणि न बोलता आपल्या गाडीकडे गेला.

संघाने मानाने मला लेमलाच दिले. रंगवायचे काम अर्थातच थर्झाकडे आले. ओल्या फडक्याने ती मला पुसत होती, तेव्हा तिचे बोट शिवणीवर थांबले. आपली शिवण तिला डोळे मिटूनही कळे. तिने मला खिडकीच्या उजेडात धरले.

“लेम,” ती म्हणाली, “यात भुसा आहे.”

लेम चुलीशी बसला होता. हात झोळीत. त्याने तोंड चुलीकडे फिरवले. थर्झाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग रंगाच्या डबीत कुंचला बुडवला आणि ढलपीवरून, शिवणीवरून, माझ्यावरून सोने फिरवले. वर काळ्या शाईने लिहिले: पेल्टन ९, सेडरपोर्ट ८.

असा मी सोन्याचा झालो. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात मला जागा मिळाली. येणारा-जाणारा कौतुक करी. खरे सांगतो, पहिला महिनाभर मला फार मजा वाटली. दुसऱ्या महिन्यापासून कंटाळा येऊ लागला. चेंडूला काचेआड ठेवणे म्हणजे घोड्याला पलंगावर निजवणे.

पुढच्या मे महिन्यात लेमला त्याची जागा मिळाली. शब्दाचे पक्के होते क्रेन. तीन सामने झाले. तिसऱ्या सामन्यात चौथ्या डावात त्याच्या कोपरातून आवाज आला. बार्नीने तो फलंदाजाच्या मागे उभे राहून ऐकला, असे पुढे तो सांगे. लेमला मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात उभे केले, मग बाकावर बसवले, आणि जूनमध्ये बॉस्टनचा माणूस आला. त्या एका शब्दाच्या मोबदल्यात लेमला एवढेच मिळाले, तीन सामने. त्यांतलेही दोन हरलेले.

पेल्टनने त्याला टाकले नाही, हेही सांगायला हवे. त्याला शाळेत काम दिले. घंटा वाजवायची, शेगडीत कोळसा घालायचा, बर्फ ओढायचा, सगळे डाव्या हाताने. मुलांना तो आवडे. मुले आली की म्हणत, मिस्टर प्राउटी, तो झेल सांगा ना. गावात ‘तो झेल’ म्हटले की कोणता, हे विचारावे लागत नसे. लेम म्हणे, झेल तो झेल, त्यात काय सांगायचंय, आणि घंटा वाजवायची वेळ झाली म्हणून निघून जाई. घरी आला की माझ्या कपाटाकडे पाठ करून बसे. एक दिवस त्याने मला कपाटातून काढून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवून दिले. तिथे मी एकोणतीस वर्षे काढली. ऊब होती, पावाचा वास होता, तक्रारीला जागा नव्हती. पण कधी कोणाचा हात लागला नाही. ओल आली, सोने सुटू लागले.

मग १९०५ सालच्या मे महिन्यातली एक दुपार. लेम शाळेतून आला तो टोपीसुद्धा न काढता खुर्चीत बसला. थर्झा मटार सोलत होती. आता दोघांचेही केस पांढरे झाले होते. शाळेच्या अंगणात मुलांचा सामना चालला होता, तो सांगू लागला. चेंडू धरला तो टप्पा पडून की हवेत, यावर भांडण जुंपले. दोन्हीकडची मुले धावत लेमकडे आली आणि म्हणाली, मिस्टर प्राउटी, तुम्ही पाहिलंत ना? तुम्ही सांगा. तुमचा शब्द आम्हाला चालेल.

“मग काय सांगितलंस?” थर्झाने विचारले.

“काही नाही. आत निघून आलो. मुलं बघतच राहिली.”

थर्झाने मटार बाजूला ठेवले. उठली, डबा सरकवला, आणि मला बाहेर काढून लेमच्या पुढ्यात ठेवले. पीठ आणि सोने यांनी माझे तोंड विचित्र झाले होते. शिवणीजवळचा रंग पडला होता आणि ढलपीचे टोक उघडे पडले होते.

“खोटं तू बोललास,” ती म्हणाली, “पण रंगवलं मी. एकोणतीस वर्षं या डब्यातून पीठ काढताना मी मान वळवते. आता पुरे झालं, लेम. सेडरपोर्टला ट्राम जाते.”

शनिवारी लेम ट्रामने निघाला. थर्झाने डब्यात त्याच्यासाठी बीन्स आणि काळ्या पावाचे दोन तुकडे दिले होते, आणि त्यांच्या शेजारी फडक्यात गुंडाळून मी. अकरा मैलांत त्याने घासही खाल्ला नाही.

ओबेड होड्या बांधायच्या छपराखाली सापडला. खांदे अजून दाराएवढेच होते, केस मात्र गेले होते. लेमने नाव सांगितले नाही, नुसते फडके सोडून मला त्याच्या कामाच्या बाकावर ठेवले. ओबेडने रंधा थांबवला.

“टप्पा पडला होता,” लेम म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” ओबेड म्हणाला. “आधी भुसा उडाला, मग तू पडलास. माझ्या डोळ्यांसमोर.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“पंचांनी तुला विचारलं होतं. मला नाही.” त्याने बाकावरचा भुसा हाताने लोटला. “आणि तुझा हात दिसला मला. म्हटलं, याला पुढचा उन्हाळा काही दिसत नाही. नेऊ दे एक चेंडू.”

लेमचा चेहरा उतरला. त्यापेक्षा ओबेड ओरडला असता तर त्याला बरे वाटले असते, असे मला वाटते. लेम म्हणाला, मी माफी मागायला आलो आहे, चेंडू तुमच्या संघाचा आहे, ठेवून घे. आणि टोपी घालून निघू लागला.

“थांब,” ओबेड म्हणाला. “असा बरा सुटशील. त्या दिवशी मी गप्प बसलो खरा, पण आठवडाभरच. नंतर गावाला सांगितलं. एकतीस वर्षं सांगतोय. एक माणूस विश्वास ठेवत नाही. म्हणतात, हरला आणि रडतोय. माझी बायको मरेपर्यंत म्हणत होती, ओबेड, आता तो चेंडू सोड. तू मला इथं सांगून काय उपयोग? चल न्हाव्याकडे.”

शनिवारची सकाळ होती, म्हणजे न्हाव्याच्या दुकानात अर्धे सेडरपोर्ट. ओबेडने दार उघडून लेमला पुढे ढकलले. सगळ्यांनी वळून पाहिले. एका गिऱ्हाईकाच्या गालावर अर्धा साबण तसाच राहिला. लेम आयुष्यात कधी चार माणसांत बोलला नव्हता. त्याने मला डाव्या हातात धरले होते आणि मला त्याचा घाम लागत होता.

“मी पेल्टनचा लेम्युएल प्राउटी,” तो म्हणाला. “चौऱ्याहत्तर सालच्या सामन्यात निकरसनचा चेंडू मी हवेत धरला नव्हता. टप्पा पडला होता. मी खोटं बोललो. हा निकरसन खरं सांगत होता.”

 मग साबण लावलेले गिऱ्हाईक, बंदरावरचा दोरखंडवाला म्हातारा, गंभीरपणे म्हणाला, मग तो झेल रद्द ठरला पाहिजे. म्हणजे तो सामना संपलेलाच नाही. यावर वाद झाला. न्हावी म्हणाला, एकतीस वर्षांनी काय संपवणार? दोरखंडवाला म्हणाला, नियमात वर्षांचं काही लिहिलेलं नाही. शेवटी ठरले, की तोच एक चेंडू पुन्हा टाकायचा. ओबेड वल्हे घेऊन रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. माशांची खोकी बेस म्हणून मांडली. तिसऱ्या बेसवर त्या दिवशी जो उभा होता तो केव्हाच वारला होता, त्याच्या जागी न्हावी हातात वस्तऱ्याचे फडके घेऊन उभा राहिला. दुसऱ्यावर दोरखंडवाला, साबणासकट. पेल्टनच्या बाजूने मैदानात लेम एकटा.

“खाली,” ओबेड म्हणाला.

लेमने डावा हात कमरेच्या खालून फिरवला. मित्रांनो, तो डावा हात होता, अडाणी हात, आणि तरी सुटता सुटता त्याच्या मनगटाने एक झटका दिला. बारीकसा. मी हवेत जरासा वाकलो. एकतीस वर्षांचे सोने माझ्या अंगावरून कणाकणाने उडाले.

ओबेडने मला वल्ह्याने हाणले. फटका नीट बसला नाही. मी घरंगळत, उसळत लेमकडे गेलो, त्याच्यापासून हातभर पुढे जमिनीला लागलो आणि त्याच्या डाव्या पंजात जाऊन बसलो. कोणी काही विचारायच्या आत तो मोठ्याने म्हणाला:

“टप्पा पडला.”

इतक्या मोठ्याने, की बंदरावरची माणसे वळून पाहू लागली. मग तो वळला आणि मला पहिल्या खोक्याकडे फेकले. तिथे क्रेन नव्हते. ते आठ वर्षांपूर्वीच गेले. मी खोक्यावरून उडून रस्त्यात गेलो. न्हावी घरी आला, त्याच्यामागे दोरखंडवाला घरी आला, आणि ओबेड धापा टाकत, हसत, पहिल्या खोक्यावर जाऊन बसला. सेडरपोर्ट दहा, पेल्टन नऊ. लेम तिथेच गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो हसत होता. मी त्याला त्यापूर्वी कधीच हसताना पाहिले नव्हते.

रीत म्हणजे रीत. मी जिंकणाऱ्यांकडे राहिलो. परतीच्या ट्राममध्ये लेमने बीन्स आणि पाव सगळा संपवला, हे मला ओबेडकडून कळले. तो त्याला पोचवायला पेल्टनपर्यंत गेला होता, आणि थर्झाने त्यालाही जेवायला थांबवून घेतले. सोमवारी लेमने मुलांना अंगणात बसवून आधी झेलाची गोष्ट सांगितली, खरी, आणि मग त्यांच्या भांडणाचा निकाल दिला.

तेव्हापासून मी ओबेडच्या होड्यांच्या छपराखाली, खिळ्यांच्या डब्याशेजारी राहतो. माझी शिवण दोनदा उसवली, ओबेडने ती शिडाच्या दोऱ्याने शिवली. थर्झाने पाहिली असती तर नाक मुरडले असते. ढलपी मात्र त्याने काढली नाही. संध्याकाळी बंदरावरची मुले मला नेतात, चिखलात लोळवतात, पाण्यात पाडतात, आणि परत आणून ठेवतात. मी बसका झालो तो त्यांच्यामुळे, आणि त्याचे मला काडीइतके वाईट वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखा एखादा चेंडू तुमच्या घरी असेल, तर त्याला पुसा, त्याची उसवलेली शिवण घाला, पण काचेत ठेवू नका. दुखऱ्या हाताला विश्रांती द्या, मग तो कितीही लाडका पिचर असो आणि सामना कितीही मोठा असो. आणि कधी तुम्ही पालथे पडाल, चेंडू तुमच्या छातीखाली असेल, कोणाला काही दिसले नसेल आणि पंच येऊन तुम्हालाच विचारतील. तेव्हा उत्तर द्यायच्या आधी माझी आठवण करा. खाली मी असतो. मला टप्पा लागलेला असतो.